देवी डॉक्टरांची शिंगाची सायकल

टेंभुर्णीच्या चावडीत आमच्या ह्यांची करंगळी जळत होती आणि ह्यांना त्याचा पत्ता नव्हता.

ह्यांचं नाव गिरिधर, पण नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, म्हणून मी ‘हे’च म्हणणार. गावोगाव लस आणि सुया घेऊन फिरायचं आणि पोरांचे दंड धरून देवी टोचायच्या, ही ह्यांची सरकारी नोकरी. डॉक्टरकीशी संबंध तेवढाच, पण लोक ‘देवी डॉक्टर’ म्हणायचे आणि ह्यांनाही ते गोड लागायचं. सुई स्पिरिटच्या दिव्यावर शेकायची, गार होऊ द्यायची, मग टोचायची. त्या दिवशी सुई शेकता शेकता करंगळी ज्योतीत गेली. समोर पोराला मांडीवर घेऊन बसलेली बाई ओरडली, "अवं डॉक्टर, बोट जळून राह्यलं की तुमचं!" ह्यांनी हात मागे घेतला. कातडी पांढरी पडून फुगली होती. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं सहज विचारलं, "दुखलं न्हाई का?"

तो प्रश्न घेऊन हे भोकरदनला घरी आले. सायकल भिंतीला टेकवली आणि ओसरीच्या पायरीवरच बसले.

"शरयू, नीलाला आत घे," म्हणाले.

"पोरगी तुमचीच वाट बघून राह्यली. आत कशाला?"

"घे म्हटलं ना."

नीला आमची एकुलती एक. पाचवं लागलं होतं तिला. हे आले की मांडीवर चढून खिशात हात घालायची तिची सवय. मी तिला आत नेऊन बसवलं, बाहेर आले, आणि मग ह्यांनी दोन्ही हात उलटेसुलटे करून दाखवले. कित्येक महिने करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येत होत्या. मग मुंग्या गेल्या आणि बोटं मेली. आता उजवी करंगळी सरळ होत नव्हती. आकड्यासारखी वळूनच राहायची.

"आमच्या ऑफिसात तक्ता हाय," हे म्हणाले. "आधी मुंग्या, मंग बधिर, मंग वाकडी. जसंच्या तसं हाय."

कशाचा तक्ता, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्याकडे महारोगाला रक्तपिती म्हणतात, आणि तो शब्द घरात कुणी काढत नाही. मागच्या साली ह्यांनीच एका गावातल्या माणसाचं नाव वर कळवलं होतं. कळवलं ते औषधासाठी. पण औषध यायच्या आधी त्याच्या भावांनी त्याला शेताच्या बांधावर खोपट बांधून दिलं. त्याची बायको लांबून भाकरी ठेवून यायची, हे ह्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

‘नीम हकीम खतरे जान’ म्हणतात. आमच्या घरात तर नीम हकीमच घरधनी. अर्धं शिकलेला माणूस भ्यायला की देवसुद्धा त्याची समजूत काढू शकत नाही. मी म्हणाले, जालन्याला जाऊ, डॉक्टरला दाखवू. तर म्हणाले, डॉक्टर नाव लिहील. मी म्हणाले, मग वैद्याला. तर म्हणाले, वैद्य गावभर सांगेल. शेवटी मी चिडून म्हणाले, "मंग कुणालाच न्हाई दाखवायचं तर मला तरी कशाला दाखवलं?" बोलून गेले, आणि माझंच मला लागलं.

दुसऱ्या दिवसापासून ह्यांचं ताट वेगळं झालं. तांब्या वेगळा, अंथरूण ओसरीवर. धोतर स्वतः धुवायचं आणि स्वतः वाळत घालायचं. मी वाढायला गेले की म्हणायचे, ठेव आणि मागं हो. शेजारच्या गोजरबाईच्या नजरेतून काय सुटतंय? तिनं भिंतीवरून मान वर केली आणि विचारलं, "डॉक्टर असे बाहेर का जेवून राह्यले?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "अनुष्ठान धरलंय. सोवळ्यात हाय. कुणी शिवायचं न्हाई."

इतकं बेमालूम खोटं हा माणूस बोलू शकतो, हे मला तेव्हाच कळलं. गोजरबाईनं तिथूनच हात जोडले. दुसऱ्या दिवशी नारळ आणून पायरीवर ठेवला आणि पाठ न दाखवता मागे मागे गेली. आठवडा गेला नाही तोच गल्लीत ह्यांचा साधू झाला. माणूस भीतीनं कोपऱ्यात बसला होता आणि लोक लांबून नमस्कार करत होते. हसावं की कपाळ बडवून घ्यावं, तेच मला कळेना.

गावोगाव जाणं मात्र सुरूच होतं. पोराचा दंड आता हातरुमाल मध्ये धरूनच पकडायचे. विचारलं तर तेच, सोवळ्यात आहे. नीलालाही तेच सांगितलं होतं. ती खांबाला धरून उभी राहायची आणि म्हणायची, "बाबा, आज शिवू?" हे म्हणायचे, "न्हाई बाळा. मी सोवळ्यात हाय. लांबून बोल." मग ती लांबून बोलायची. पुढे पुढे तिनं विचारणं सोडलं.

मी शेवटी धमकीच दिली. म्हणाले, जालन्याला न्हाई आलात तर मीच टेंभुर्णीला जाते आणि त्या म्हाताऱ्याला सांगते की न्हाई दुखलं. तेव्हा कुठे हे बसमध्ये बसले. मागच्या बाकावर, अंग चोरून, हात उपरण्याखाली. शेजारी कुणी बसायला आलं की हे उठून उभे राहायचे. जालन्यापर्यंत जवळजवळ उभेच आले.

डॉक्टर दीनानाथ म्हातारे होते, तुसडे होते, पण हात धरताना कचरले नाहीत. ते बघूनच मला रडू आलं. त्यांनी अंगावर कुठे चट्टा आहे का पाहिलं, कोपराची शीर चाचपली, कापसाची वात सगळ्या बोटांवरून फिरवली.

"चट्टा न्हाई. शीर जाड न्हाई," म्हणाले. "पण काहींना चट्ट्याशिवाय पण होतो. शपथेवर न्हाई सांगत मी."

ह्यांचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी विचारलं, सुई कशी धरता? ह्यांनी धरून दाखवली. त्यानं काही निघालं नाही. मग विचारलं, एवढी गावं करता, जाता कशानं?

"सायकलनं."

आता ही सायकल. हे हैदराबादला शिकायला गेल्ते तिथून ती आणलेली. शर्यतीत पळवायची. तिचं हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं पुढे जाऊन खाली वळलेलं, म्हणून गावातले लोक शिंगाची सायकल म्हणायचे. चालवायची तर पाठ वाकवून, नाक चाकाला लावून. तिथल्या एका शर्यतीत हे दुसरे आले होते, आणि ते दुसरं येणं इतक्या वर्षांत डोक्यातून उतरलं नव्हतं. आमच्याकडचे रस्ते म्हणजे गिट्टी नाही तर गाड्यांच्या चाकोऱ्या. मागे लशीची पेटी, आणि पुढे सगळं अंग दोन तळव्यांवर तोललेलं. लग्न झाल्यापासून मी सांगत होते, साधी सायकल घ्या. पण सवत कितीही कुरूप असली तरी नवऱ्याला सुंदरच दिसते.

डॉक्टर म्हणाले, "हँडल कसं धरता, त्या खुर्चीवर दाखवा."

हे उठले, खुर्चीच्या पाठीवर वाकले आणि दोन्ही हात टेकवले. मनगटं आत मोडलेली, सगळा भार तळव्याच्या बाहेरच्या कडेवर. डॉक्टरांनी ते तळवे उलटे केले. करंगळीच्या खाली दोन्हीकडे घट्टे पडले होते, जात्याच्या खुंट्यानं बायकांच्या हाताला पडतात तसे.

"ह्याच्या खालून त्या दोन बोटांची शीर जाते," डॉक्टर म्हणाले. "आधी हे हँडल बदला. सरळ टाका, उंच टाका, माणसासारखं ताठ बसा. चार-सहा महिने बघा. हँडलचा दोष असला तर बोटं परत येतील."

"आणि न्हाई आली तर?" ह्यांनी विचारलं.

"मंग माझ्याकडं या."

मी परतीच्या बसमध्ये मनातल्या मनात सत्यनारायण बोलून टाकला. वाटलं, एवढंच ना? एक लोखंडाची नळी काढायची, दुसरी घालायची. घरी आल्या आल्या मी म्हणाले, उद्याच कडूबाकडे सायकल टाका. कडूबाचं सायकलचं दुकान बाजाराच्या तोंडाशीच होतं.

हे म्हणाले, "बघू."

त्या ‘बघू’त महिना गेला. हे शिंगाच्याच सायकलवर जात होते, वाकूनच येत होते. डाव्या हाताचीही करंगळी वळायला लागली. एकदा लशीची काचनळी हातातून निसटून फुटली आणि गावकऱ्यांसमोर हे तिच्याकडे नुसते बघत राहिले. मी रोज बोलायचे, हे रोज ऐकून घ्यायचे. एका संध्याकाळी मला राहवलं नाही. ओसरीच्या उंबऱ्यावर उभी राहिले आणि विचारलं, "डॉक्टरनं एवढं सांगितलं तरी बदलत का न्हाई? शर्यतीची हौस अजून जिरली न्हाई का?"

हे खालच्या आवाजात म्हणाले, "हौस कसली शरयू. आज मी म्हणू शकतो, हँडलमुळं हाय. झोपताना तेच म्हणतो, तेव्हा झोप लागते. उद्या हँडल बदललं आणि बोटं आली न्हाईत, मंग काय म्हणू?"

संताप तर इतका आला होता की समोरचा तांब्या उचलून फेकावा. पण समोर माणूस असा बसला होता की त्याच्यावर ओरडायचं कसं? त्याच्याजवळ उमेद एवढीच उरली होती, आणि ती त्या वाकड्या लोखंडात होती. ते लोखंडच बोटं खात होतं, हे कळत असूनही त्याला सोडवत नव्हतं. मी आत गेले आणि भाकरी करपेपर्यंत चुलीसमोर बसून राहिले.

पुढची गोष्ट मला गोजरबाईकडून कळली. भिंतीवरून मान वर करून ती म्हणाली, "वहिनी, डॉक्टर काशीला चालले म्हणं. अनुष्ठान झालं की कायमचं तिकडंच. माझ्यासाठी गंगेची एक लोटी पाठवायला सांगा बरं."

नवरा आपल्याला टाकून जाणार, ही बातमी मला गंगेच्या लोटीसकट मिळाली. मी ओसरीवर जाऊन बघितलं. खुंटीला धोतरांचं गाठोडं बांधून ठेवलेलं होतं. हे तेव्हा आडावर अंघोळ करत होते. मी काही विचार केला नाही. सायकल भिंतीपासून ओढली, पदर खोचला आणि निघाले.

बाजारातून बाईमाणूस सायकल ढकलत निघाल्यावर काय होतं ते सांगायला नको. पानवाले, धान्याच्या गोण्या वाहणारे, सगळे थांबले. चालत्या सायकलचं पायडल नडगीवर लागत होतं, ती शिंगं माझ्या कुशीत घुसत होती. देवी डॉक्टरांची बायको, सोवळ्यातल्या माणसाची सायकल घेऊन, कुठं निघाली? मी कुणाकडेच बघितलं नाही.

कडूबाला म्हणाले, "ह्याचं हँडल काढा. सरळ टाका."

"डॉक्टरनं सांगितलं का?"

"सांगितलं," मी म्हणाले. कोणत्या डॉक्टरनं ते त्यानं विचारलं नाही.

कडूबानं हँडल हातानं चाचपलं. "चांगला माल हाय. हाच सीधा करून देऊ का? भट्टीत तापवला, ठोकला की होतो सीधा."

"तापवू नका न् ठोकू नका. दुसरं टाका. आणि उंच टाका, बसणाऱ्याची पाठ ताठ राह्यली पाह्यजे."

तो म्हणाला, ब्रेकचे खटके सरळ नळीवर बसायचे न्हाईत, तारा पण लांब पडतील. मी म्हणाले, मग खटके बदला, तारा तोडा. त्यानं जुन्या सायकलींच्या ढिगातून एक सरळ नळी काढली, हँडलची मान वर घेतली, खटके बसवले, तारा कापून बेताच्या केल्या. मुठी रबराच्या होत्या, कडक. मी माझ्या पदराची किनार फाडून दिली आणि म्हणाले, हिची जाड घडी घालून आतून गुंडाळा. तो एकदा माझ्या तोंडाकडे बघून गुंडाळायला लागला. निघालेली शिंगं दुकानात ठेवू का म्हणाला. मी ती त्याच्या हातातून घेतली आणि सरळ केळना नदीवर जाऊन डोहात फेकली. फेकली तेव्हा बरं वाटलं. मागे वळले तेव्हा ध्यानात आलं, ह्यांचा ‘हँडलमुळं हाय’ आता पाण्याखाली गेला होता, आणि तो मी बुडवला होता.

घरी हे ओसरीवर उभे होते. सायकल बघितली. बराच वेळ तिच्या जवळ आलेच नाहीत.

"जुनं कुठं हाय?"

"केळनात."

हे मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. मी जवळ जायला लागले तर हात वर करून मला थांबवलं. तेवढ्यातही सोवळं सुटलं नाही. मी तिथेच, दोन हात अंतरावर बसले आणि म्हणाले, "काशीला जायचं तर जा. पण बोटांचा निकाल लागल्यावर जा. अर्ध्यावरून पळालात तर मी मागून येईन, आणि गंगेच्या घाटावर सगळ्यांसमोर तुमचा हात धरीन."

गाठोडं खुंटीला तसंच राहिलं. पण हे सरळ हँडलच्या सायकलवर बसून कामाला जायला लागले. गावातली पोरं ओरडायची, डॉक्टरच्या मेंढ्याची शिंगं मोडली. ताठ बसल्यामुळे समोरचं वारं छातीवर घ्यावं लागायचं, दमून यायचे. मला त्याचं काही वाटत नव्हतं.

रोज सकाळी परीक्षा. हे ओसरीच्या कडेला डोळे मिटून हात पुढे करायचे. हातानं शिवू द्यायचे नाहीत, म्हणून मी खराट्याची लांब काडी घ्यायचे आणि लांबूनच एकेका बोटाला लावायचे. कोणतं बोट, ते ह्यांनी सांगायचं. अंगठा ओळखायचे, मधलं ओळखायचे. करंगळीला काडी टेकवून मी वाट बघायचे आणि हे विचारायचे, "लावली का?" सुगी झाली, ज्वारी खळ्यात आली, खळी मोकळी झाली, आणि तरी रोज तेच, "लावली का?" एका सकाळी हे एकदम म्हणाले, "करंगळी! बरोबर ना?"

काडी अजून माझ्या मांडीवर होती.

"अजून लावलीच न्हाई," मी म्हणाले. खोटं बोलायला हवं होतं असं नंतर पुष्कळ वेळा वाटलं, पण मला तसलं जमत नाही. ह्यांनी हात आवळून घेतला. त्या दिवशी जेवले नाहीत. मी देवाला पहिल्यांदा शिव्या दिल्या.

उन्हाळा तोंडावर आला होता तेव्हाची गोष्ट. नेहमीसारखी काडी लावली. मनात काही नव्हतं, सवयीनं लावली, जरा जोरानंच.

"हळू," हे म्हणाले. "टोचतंय."

मी काडी तशीच धरून राहिले. ह्यांनी डोळे उघडून बघितलं. काडीचं टोक उजव्या करंगळीवर होतं. मी पुन्हा लावली. शेजारच्या बोटाला लावली. डाव्या हाताला लावली. हे दर वेळी सांगत गेले, मोठ्यानं, डोळ्यांतून पाणी गळत. मग मी काडी टाकून दिली आणि त्या करंगळीला चांगला चिमटा काढला. हे कळवळून ओरडले, आणि माझा हात त्यांनी झटकला नाही. दोघांनाही धड हसता येईना, धड रडता येईना. इतक्या महिन्यांत शिवलेली ती पहिली वेळ.

"नीला!" ह्यांनी हाक मारली. "नीला, ये!"

ती आतून पळत आली आणि खांबापाशी थांबली. हे ओसरी उतरून अंगणात आले, गुडघ्यावर बसले, दोन्ही हात पसरले. पोरगी एक पाऊल मागे सरकली.

"ये ना बाळा."

"शिवू नका बाबा," ती म्हणाली. "मी पारोशी हाय."

"मी काय म्हणून राह्यलो? सोवळं संपलं गं. ये."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. दोन्ही हात फ्रॉकला पुसले आणि मागे लपवले. हे पुढे सरकले तशी ती वळली आणि न्हाणीत पळाली. तांब्या दगडावर आपटल्याचा आवाज आला, पाणी ओतल्याचा आवाज आला, पुन्हा पुन्हा. मी हाका मारत होते, तिला ऐकूच जात नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही म्हणत होतो की बाबा सोवळ्यात आहेत, आणि पोरगी समजून बसली होती की घाण तिलाच लागली आहे, म्हणून बाप जवळ घेत नाही.

ती बाहेर आली. फ्रॉक अंगाला चिकटलेला, केस डोळ्यांवर, दात वाजत होते. बापापासून चार पावलांवर येऊन थांबली आणि दोन्ही ओले तळवे पुढे करून दाखवले.

"आता शिवू?"